कुंड्या आत घेण्याआधी

ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. न्यू जर्सीत आता साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जुलैत साडेआठपर्यंत उजेड असायचा. हातातलं काम आवरलं असेल तर अंगात स्वेटर घाला आणि मागच्या डेकवर या. फोन आतच राहू द्या. आज कुंड्या उचलायच्या नाहीत, काही छाटायचं नाही, पाणीही घालायचं नाही. पायरीवर बसा आणि कुंड्यांकडे बघा, इतकंच.

समोर तुळस असेल. कढीपत्ता असेल. बहुतेकांकडे एक मोगरा असतो, एक जास्वंद असते. कोपऱ्यातल्या टबात अळू, कुंपणाशी कर्दळ, हौस असेल तर दोन-तीन डेलिया. एडिसन असो, शिकागो असो की टोरांटो, मराठी घरामागची ही मंडळी फारशी बदलत नाहीत, कारण ही रोपं दुकानातून कमी येतात आणि माणसांकडून जास्त. गणेशोत्सवात कुणी मावशी कागदी ग्लासात लावलेली तुळस हातात ठेवते. कुणी काका आपल्या कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेला फुटवा हलकेच सोडवून देतात आणि वर चार सूचनाही देतात.

एकेका कुंडीपाशी नजर थांबू द्या. ही कुणाकडून आली? देणारं माणूस आता कुठे आहे? पहिलं वर्ष आठवा, तेव्हा ते रोप किती उंच होतं तेही. उत्तर सुचलं नाही तरी चालेल. नजर घाईने पुढच्या कुंडीकडे वळवू नका.

आता अंगाला हवा लागू द्या. हातांवर, कानांच्या पाळ्यांवर. ही थंडी अजून सुखाची आहे. न्यू जर्सीच्या मध्य भागात पहिला फ्रॉस्ट बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पडतो, एखाद्या वर्षी नोव्हेंबर उजाडतो. ती रात्र डोळ्यांसमोर आणा. आकाश निरभ्र, वारा पूर्ण पडलेला, चांदण्या ठसठशीत. दिसायला ती रात्र फार सुंदर असते. ढगाळ रात्री जमिनीची ऊब गोधडीखाली राहावी तशी ढगांखाली अडून राहते. निरभ्र रात्री ती सरळ आकाशात निघून जाते. थंड हवा जड असते, ती खाली गवताशी, नेमकी आपल्या कुंड्यांच्या उंचीवर साचते. हवामान खात्याचं तापमान मात्र जमिनीपासून पाच-सहा फुटांवर मोजलेलं असतं. म्हणून फोनवर ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २ सेल्सिअस, दिसत असतानाही पानांवर बर्फाची बारीक साय धरू शकते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच रात्रींच्या. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, बागेला पाणी देतात. तिथे प्रश्न काही रात्रींचा असतो. इथे तो पाच महिन्यांचा आहे.

तुळशीचं एक पान दोन बोटांत धरा. तोडू नका. त्याची लव, मऊपणा, बोटांना लागणारा वास, सगळं सावकाश घ्या. या पानात बहुतांश पाणीच आहे. गोठणाऱ्या रात्री बर्फ आधी पेशींच्या बाहेर, त्यांच्यामधल्या फटींत तयार होतो आणि पेशींच्या आतलं पाणी बाहेर ओढून घेऊ लागतो. पेशी आतून सुकत जाते, तिचं पातळ आवरण फाटतं. पहाटे पान काचेसारखं, जरा पारदर्शक दिसतं. ऊन वर आलं की काळं पडून लोंबतं. तुळशीला तर गोठण्याचीही गरज नसते. ५० अंशांच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली काही रात्री गेल्या तरी पानांवर काळसर डाग दिसू लागतात, कारण पेशींच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ थंडीने ताठरतात आणि आतला सगळा व्यवहार अडतो.

पान सोडा आणि शेजारच्या मेपलकडे बघा. दिवस लहान होऊ लागले तेव्हापासून त्याची तयारी सुरू आहे. पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याने खवल्यांत बंद केल्या आहेत. पानाच्या देठाशी पडदा धरायला लागला आहे, म्हणजे पान गळेल तेव्हा जखम उघडी राहणार नाही. पेशींमधली साखर वाढेल आणि आतलं पाणी सहजी गोठणार नाही. मेपलला हिवाळा कळतो तो आधी उजेडावरून. बोचरी थंडी नंतर येते. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. इथे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सव्वानऊ तासांवर येतो.

तुळशीत काही उणं आहे असं मनात आणू नका. तिच्या मुलखात ही तयारी कधी लागलीच नाही. जे कधी लागलं नाही ते तिला येत नाही, आणि तिला इथे आपण आणलं. एवढी गोष्ट मनात नीट बसू द्या. पुढच्या पाच महिन्यांत कंटाळा येईल, खिडकीपाशी माती सांडेल, पाहुणे आले की कुंडी कुठे सरकवायची असा प्रश्न पडेल. तेव्हा ही गोष्ट उपयोगी पडते.

आता मन घराच्या आत न्या. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खिडक्या किती आहेत? डोळे मिटून एकेक खोली फिरा. त्यातल्या किती खिडक्यांखाली हीटरचा व्हेंट आहे? तिथे कुंडी ठेवता येणार नाही. कोरडी गरम हवा पानांवर सतत आली की लाल कोळी हमखास लागतो. झाडाच्या किंवा शेजारच्या घराच्या सावलीत कोणती खिडकी जाते? जी उरली तेवढीच आपली हिवाळ्यातली बाग.

सगळं आत येणार नाही. इथे थोडा वेळ बसा, कारण ही जागा अवघड आहे. प्रत्येक कुंडी कुणाची तरी आठवण घेऊन आलेली, आणि खिडक्या दोन. पण प्रत्येक झाड झाडाच्याच रूपात आत यायला हवं असं नसतं. काही झाडं कंद होऊन राहतात. काही बी होऊन राहतात. हे उमगलं की निवड पुष्कळ सोपी होते.

कर्दळ आणि डेलियाचं बघा. दोन्ही अमेरिका खंडातल्याच, पण उष्ण भागांतल्या; डेलिया मेक्सिकोच्या डोंगरांतला. त्यांना पहिल्या फ्रॉस्टपर्यंत बाहेरच असू द्या. पानं काळी पडली की देठ वितभर ठेवून कापा, कंद हलक्या हाताने खणून काढा, माती झटका, सावलीत वाळवा आणि कोरड्या पीट मॉसमध्ये किंवा भुशात ठेवून खोका बेसमेंटच्या गार कोपऱ्यात सरकवा. ४० ते ५० अंश फॅरनहाइट त्यांना मानवतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने थंडीनुसार देशाचे विभाग दाखवणारा आपला नकाशा २०२३ मध्ये नव्याने काढला. त्यातल्या सातव्या विभागात जमिनीत लावलेली कर्दळ पालापाचोळ्याच्या जाड थराखाली एखादा हिवाळा तगून जाते. कुंडीतल्या कर्दळीचं तसं नाही. जमिनीतल्या मुळांना चहूकडून धरणीची ऊब असते. कुंडीतल्या मुळांभोवती बोटभर माती, आणि पलीकडे थेट वारा. म्हणून जाणते लोक कुंडीतल्या झाडाचा विचार करताना आपला विभाग दोन पायऱ्या थंड धरतात.

अळूची पानं फ्रॉस्टच्या आधी काढून घ्या. सगळी. त्या संध्याकाळी अळूवड्या करा आणि ज्यांनी गड्डा दिला त्यांच्याकडे डबा पोचवा. मग गड्डे वाळवून कर्दळीपेक्षा जरा उबेला ठेवा. हळद लावली असेल तर पानं पिवळी पडून ती स्वतःच झोपायला निघालेली असते; तिला काढायची वेळही हीच.

आता कढीपत्त्यापाशी या.

या झाडाबद्दल इथल्या घरांत जितकी काळजी केली जाते तितकी दुसऱ्या कशाचीच होत नसावी, आणि माझ्या मते ही काळजीच त्याला सर्वांत जास्त नडते. ते आत येतं. दोन-तीन आठवड्यांत पानं पिवळी पडतात, गळतात. डिसेंबरात नुसत्या काड्या उभ्या राहतात. घाबरून आपण रोज पाणी घालतो, खत देतो, ताकाचा शिडकावा करतो. जानेवारीत मुळं कुजतात. मग आपण म्हणतो, थंडीने गेलं.

कढीपत्त्याला विसावा ठाऊक आहे. आपल्याकडेही थंडीत त्याची वाढ मंदावते, पानं पिवळी पडून झडतात. उजेड कमी झाला, गारठा वाढला की तो काम थांबवतो. पान नाही म्हणजे पाणी उडून जायला वाट नाही. वाट नाही म्हणजे मुळं पाणी ओढत नाहीत. आणि न ओढलेलं पाणी कुंडीत साचून मुळांभोवतीची हवा घालवतं. एवढं साधं गणित आहे, पण प्रेमाच्या भरात ते दिसत नाही. थांबलेल्या झाडाला भरवायचं नसतं. त्याला थांबू द्यायचं असतं.

हे वाक्य झाडापुरतंच ठेवून त्याच्याकडे बघत राहा. आपल्याला काही देत राहिल्याशिवाय प्रेम केल्यासारखं वाटत नाही. पानं नसलेल्या काडीसमोर हात रिकामे ठेवून उभं राहायला धीर लागतो. तो धीर आज, झाड हिरवं असतानाच, थोडा थोडा गोळा करायचा आहे.

फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्यांसाठी एक प्रचंड दालन बांधलं गेलं. लाकडी खोक्यांत लावलेली हजाराहून जास्त झाडं, संत्री, कण्हेर, डाळिंब, ताड, आजही ऑक्टोबरात तिथे आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की तिथे भट्टी पेटवून झाडांना ऊब दिली जात नाही. जाड भिंती आणि दक्षिणेच्या उंच खिडक्या यांच्या जोरावर आतली हवा गोठणबिंदूच्या वर राहते, एवढंच. झाडांना तिथे उन्हाळा मिळत नाही. गोठू न देणारा गारवा मिळतो, आणि शतकांहून जुनी झाडं त्यावर जगलेली आहेत. आपल्या कढीपत्त्यालाही बैठकीची खोली हवी असं नाही. ४५ अंशांच्या खाली न उतरणारी बंद पडवी, गार बेसमेंटची खिडकी, एवढ्यात त्याचं भागतं. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी लागली तर पेलाभर पाणी. खत मार्चपर्यंत अजिबात नाही.

आणि फेब्रुवारीत शंका आली तर एक करा. खोडाच्या सालीवर, जमिनीपासून वितभर वर, नखाने अगदी हलकी रेघ ओढा. करडी साल निघाली की खाली ओलसर हिरवा रंग दिसेल. कच्च्या वाटाण्याच्या सालीचा असतो तसा. तो दिसला की हात मागे घ्या. वरची फांदी तपकिरी निघाली तर खाली सरका, पुन्हा बघा. कधी झाड जमिनीलगत जिवंत असतं. तिथेही कोरडं निघालं तरी कुंडी मे महिन्यापर्यंत ठेवा. मुळातून फुटवे येण्याची या झाडाची खोड जुनी आहे.

उद्या, परवा, दिवसाच्या उजेडात पुन्हा या. आता हात लावायची वेळ. प्रत्येक पान उलटून बघायचं, उलटून म्हणजे खरोखरच उलटून. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा ठिपका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्याशी दाटीने बसलेला मावा. जास्वंद हलवली की उडते ती पांढरी माशी. पानामागे बारीक जाळं आणि समोर पिवळे ठिपके असले तर लाल कोळी. बाहेर यांना खाणारे किडे असतात, पाऊस असतो. आत यांना कुणी नाही. पाइपच्या पाण्याने पानं खालून धुवा. जास्वंदीला, मोगऱ्याला सौम्य साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल चालतं; तुळशीची आणि कढीपत्त्याची पानं आपल्या पोटात जातात, म्हणून तिथे साधं पाणी आणि बोटं. ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसा. वेळ लागतो. लागू द्या. वर्षातून एकदाच आपण या झाडाचं प्रत्येक पान बघतो.

आत आणणंही एका दिवसात नको. आधी दोन-चार दिवस डेकच्या सावलीत, मग रात्री आत आणि दिवसा बाहेर, मग कायमचं आत. उघड्या आकाशाखालचा उजेड आणि खिडकीतला उजेड यांत फार मोठा फरक असतो. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून तो आपल्याला कळत नाही. मोगरा काही पानं टाकेल. जास्वंद कळ्या टाकेल. त्यांनी आपला संसार कमी केलेला असतो, उजेडाच्या मापाचा. काळजी नको.

राहिली तुळस. तिला विसावा नीटसा जमत नाही. तिला उजेड हवाच, आणि तो इथे नोव्हेंबरनंतर पुरत नाही. म्हणून तिच्यासाठी घरातली सर्वांत चांगली खिडकी ठेवायची, जमल्यास वर एक ग्रो लाइट. आणि तरीही ती जाऊ शकते हे मनाशी धरून दोन गोष्टी आजच करायच्या. एक, सुकलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळा. फुंकर मारली की भुसा उडतो आणि तपकिरी बारीक बी हातात उरतं. कागदाच्या पाकिटात घाला, वर वर्ष लिहा. दोन, चार कोवळे शेंडे कापून खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. आई-तुळस गेली तरी लेक खिडकीत उभी असते.

कार्तिकी एकादशी झाली की तुळशीची लग्नं सुरू होतात, आणि ती तिथी बहुधा नोव्हेंबरात येते. इथे तोवर फ्रॉस्ट पडून गेलेला असतो. म्हणजे या मुलखात तुळशीचं लग्न अंगणात लागण्याची सोय जवळजवळ नाहीच. नवरी आधीच घरात आलेली असते. ऊस इंडियन ग्रोसरीतून, चिंचा-आवळे मिळतील तसे, अंतरपाट खिडकीपुढे. आत कशी आणली, कधी आणली, पानं पुसली की नाही, यावर त्या दिवशी ती कशी दिसते हे ठरतं.

शेवटी रिकाम्या कुंड्या. मातीची कुंडी हातात घेऊन तिच्या अंगावरून बोट फिरवा. जो खरखरीतपणा लागतो ती छिद्रं. त्यांत पाणी शिरतं, आणि पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. कुंडी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटते किंवा सरळ तडकते. म्हणून माती काढून, घासून, उन्हात पूर्ण वाळवून गॅरेजमध्ये पालथ्या घाला. मागच्या अंगणात सिमेंटचं किंवा चिनी मातीचं वृंदावन असेल तर आतली माती काढा आणि वर झाकण घाला, पाणी साचता कामा नये. पुढच्या वर्षी तुळस थेट वृंदावनात न लावता प्लॅस्टिकच्या कुंडीत लावून ती कुंडी आत बसवा. ऑक्टोबरात नुसती उचलली की झालं, मुळांना धक्का नाही.

एक विनंती. फुटवे जास्त झाले असतील तर ज्यांच्याकडे चांगली खिडकी आहे त्यांना द्या. दोन घरांत राहिलेलं रोप एका घरातल्या रोपापेक्षा सुरक्षित. कढीपत्ता मात्र राज्याबाहेर नेण्याआधी तिथले नियम बघून घ्या. संत्र्यांच्या बागा संपवणारा ग्रीनिंग रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर जगते, म्हणून बाधित भागांतून ही रोपं हलवायला सरकारची बंदी आहे, आणि ती पाळण्यासारखी आहे.

आणि तारखेची वाट बघू नका. पहिल्या फ्रॉस्टची तर नाहीच. रात्रीचा आकडा ५५ अंश फॅरनहाइटवर आला की तुळस आत घ्या. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद त्यानंतर आठवडाभरात आली तरी चालतील.